झंकाराची मालकी

उल्काचे वडील, तात्या, वारल्यावर त्यांचा आवाज तिच्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आला होता, आणि सोमवारी त्याला जागा खाली करायला सांगण्यात आलं.

कंपनी मिरजेची, गाणाऱ्यांसाठी तंबोऱ्याचं अ‍ॅप बनवणारी. तात्यांचा आवाज खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दिवसभर तंबोरा जुळवायचा. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, कान लावायचा, घसा खाकरायचा, पुन्हा सरकवायचा. उल्काच्या लहानपणच्या सगळ्या दुपारी अशाच गेल्या होत्या. धागा जागेवर बसून जवारी नीट लागली, की सूर थांबल्यावरही मधमाशी घुटमळावी तसा झंकार मागे राहायचा, आणि त्या झंकारातच तात्या म्हणायचे, "उल्के, आता गा."

कंपनीचे वकील हेर्लेकर चपला दाराशी काढून आत आले. आवाजासमोर ते अनवाणीच यायचे.

"बाई, हे कुठल्या ऑडिओ फॉरमॅटमध्ये राहतात?"

"खुल्या. ओपन सोर्स आहे, फुकट."

"तीच तर भानगड आहे. मालक कोण?"

"कुणीच नाही. सगळ्यांचा आहे."

"मुंबईचं गिऱ्हाईक विचारतंय, उद्या कुणी पेटंटचा दावा ठोकला तर धरायचं कुणाला? पैसे घेणारा कोर्टात सापडतो हो. सगळे कसे सापडणार?"

"इतकी वर्षं कुणी ठोकला नाही."

"हे गिऱ्हाइकाला लिहून कोण देणार? मी? मला दोन मुली आहेत."

ते कराराची कलमं वाचू लागले. प्रत्येक कलमासरशी खोली थोडी आखडत होती. वाचून झालं तेव्हा कपाट टेबलाला टेकलं होतं आणि उल्काचे गुडघे हेर्लेकरांच्या गुडघ्यांना.

त्यांनी रीतसर परवान्याच्या फॉरमॅटची पेटी आणली होती. शिसवी, आतून मखमली. तात्या निमूटपणे पाय पोटाशी घेऊन आत बसले. झाकण लागेना. झंकार बाहेर लोंबत होता. हेर्लेकरांनी तो मुठीने आत कोंबला. तो बोटांच्या फटींतून परत बाहेर आला.

"एवढा कापावा लागेल. ऐकणाऱ्यांना कळतसुद्धा नाही."

"मला कळेल. माझं नाव त्यात आहे."

"कापू दे गं, उल्के," पेटीतून तात्या म्हणाले. "पाठीला रग लागलीय."

उल्काने झंकार ओंजळीत धरला. तो कोमट होता.

"दुसरा काही मार्ग?"

"फॉरमॅटचा मालक म्हणून कुणीतरी सही करायची. पण सबंध फॉरमॅट येतो हं. वडिलांपुरता तोडून मिळत नाही."

"आणा इकडे."

तिने सही केली. शाई वाळली तेव्हा ओंजळ रिकामी होती आणि पेटीही.

जिन्यावर कसलाच आवाज नव्हता, म्हणून तिने दार उघडलं. त्या फॉरमॅटमध्ये राहणारे सगळे येऊन उभे होते, जिन्यापासून रस्त्याच्या वळणापर्यंत. कुणाच्या लग्नातली सनई. पाढे म्हणणारा वर्ग. एक तान्हं बाळ. कुणीही वाजत नव्हतं.

सगळ्यांत पुढे तात्या होते. त्यांनी हात जोडले. नुसते ओठ हलले.

"बाईसाहेब, आपली परवानगी असेल तर वाजू का?"

"विचार करून बोला," मागून हेर्लेकर म्हणाले. "हो म्हणालात, की इथून पुढचे सगळे दावे तुमच्यावर."

तात्यांच्या मागे ते बाळ हसण्यासाठी तोंड उघडून थांबलं होतं.