रिकाम्या ओळींचा शेजार

गाठीबाई जिथे काम करायच्या त्या संस्थेत वर्षातून एकदा भल्याभल्यांची भंबेरी उडायची. त्या दिवसाचं नाव 'परकी खोली'. नियम साधा होता आणि तितकाच दुष्ट. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, जोडीतल्या दोघांनी आठवडाभर एकमेकांच्या खोलीत जाऊन बसायचं, आणि मग सभागृहात उभं राहून दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलायचं. स्वतःच्या कामाबद्दल त्या दिवशी अवाक्षर काढायचं नाही. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण ज्याने केला त्याला विद्वानांची चांगलीच पारख असणार. स्वतःवर तासन्‌तास बोलणारी माणसं दुसऱ्यावर बोलायची वेळ आली की रुमालाने मान पुसायला लागतात.

त्यात ती इमारत अशी की एका मजल्यावरून नुसतं चालत गेलं तरी डोकं गरगरावं. पहिल्या दारामागे बर्फवाला. तळी गोठताना बर्फ कण्हतो, तो आवाज टिपून आणायचा आणि कानाला लावून महिनोन्‌महिने ऐकत बसायचा. त्याच्या शेजारी कापडाची काळजं शिवणारी बाई. जन्मतःच बिघडलेली पोरांची हृदयं ती टाक्याटाक्याने हुबेहूब उभी करायची, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आधी त्यावर हात बसवता यावा. पलीकडे एक नर्तक होता. कुठल्याशा पडक्या दालनाच्या फरशीवर ओल्या चुन्यात उमटून वाळलेली पावलं सापडली होती, त्यावरून एक विसरलेलं नृत्य परत उभं करायचं त्याने मनावर घेतलं होतं आणि त्यापायी तो दिवसभर एका पायावर असायचा. समोर बटणांचा इतिहास लिहिणारे गृहस्थ, ज्यांच्या स्वतःच्या सदऱ्याचं एक बटण कायम तुटलेलं. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. चहाच्या वेळी मात्र सगळे एकाच किटलीभोवती उभे राहायचे आणि साखर कुणी संपवली यावरून भांडायचे.

गाठीबाईंचं काम गाठींचं, म्हणजे गणितातल्या गाठींचं. दोरीचा गुंता करायचा आणि तिची दोन्ही टोकं कायमची जोडून टाकायची. मग असे दोन गुंते समोर ठेवले, तर ते खरोखर वेगळे आहेत की ओढत-सरकवत गेलं तर एकच निघतील, हे न ओढता, नुसत्या विचाराने सांगता येईल का? अकरा वर्षं बाई या एका प्रश्नामागे हात धुवून लागल्या होत्या आणि गेल्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं होतं की येईल. सिद्धता तपासणाऱ्यांनी तपासली, माना डोलावल्या. तिथे प्रत्येक दारावर एक पाटी टांगलेली असायची, आत काय चाललंय ते खडूने लिहायला. बाईंच्या पाटीवर तेव्हापासून एकच शब्द होता: सिद्ध. पुढची पाच वर्षं ती खोली त्यांच्याकडे राहणार होती ती त्या शब्दाच्या जोरावर.

घरी त्या थोरल्या बहिणीकडे राहायच्या. ताईने सगळ्या शेजारात सांगून ठेवलं होतं, "आमच्या धाकटीने जगातल्या सगळ्या गाठी सोडवल्या."

भाऊजी आपल्या इअरफोनचा गुंता पुढे करायचे आणि म्हणायचे, "ही एवढी सोडव, मग मानतो."

आणि अशाच एका सकाळी, भाचीची वेणी घालताना, बाईंचे हात मध्येच थांबले. एक पेड बाजूला सारायचा होता आणि तो सरेना, कारण तो मागून फिरून स्वतःच्याच आड आला होता. सिद्धतेत एका जागी बाईंनी गृहीत धरलं होतं की अडणारा पदर नेहमी कडेला सारता येतो. येत नाही. एका जातीच्या गुंत्यात तो सरकतच नाही, आणि तो सरकला नाही की पुढचं सगळं बांधकाम हवेत लटकतं.

"मावशी, ओढतेयस," भाची कुरकुरली.

बाईंनी वेणी कशीबशी संपवली. त्यानंतरचे कित्येक दिवस त्या संस्थेत येत होत्या, पाटीखालून आत शिरत होत्या आणि भोक बुजवायला बघत होत्या. बुजत नव्हतं. कुणाला सांगायचं धाडसही होत नव्हतं. मूग गिळून बसल्या होत्या म्हणा ना. अशात त्यांची चिठ्ठी निघाली ती कोशकाकांच्या नावाची.

कोशकाका सर्वांत वरच्या मजल्यावर. त्या खोलीत भिंती दिसतच नव्हत्या, नुसते लाकडी खण, आणि खणाखणांत कार्डं. एका भाषेचा कोश ते पंचवीस वर्षं करत होते. ते आले तेव्हा ती भाषा बोलणाऱ्या सात म्हाताऱ्या होत्या. मग तीन राहिल्या. मग एकच राहिली. तिला ते आजी म्हणायचे, स्वतःचे केस पांढरे झाले तरी. गेल्या थंडीत आजीही गेली.

"बसा बाई," काका म्हणाले. "कुठूनही एक खण ओढा. सगळे सारखेच खोल आहेत."

बाईंनी ओढला. पहिल्या कार्डावर एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ लिहिला होता: एखाद्याच्या मागून असं चालणं, की आपण मागे आहोत हे त्याला कळावं आणि बरं वाटावं. पुढच्या कार्डावर एक नाम: दिसत नसलेल्या पाण्याचा आवाज. त्याच्या पुढे: झोपलेल्या मुलाच्या हातातून वस्तू काढून घेण्याची रीत. बाई एकेक कार्ड वाचत गेल्या. त्यांचा चहा निवला. कुणालातरी कधीतरी पाण्याच्या आवाजाला, पाणी दिसत नसताना, वेगळं नाव द्यावंसं वाटलं होतं, त्याने ते पोरांना शिकवलं होतं, पोरांनी त्यांच्या पोरांना, आणि असं करत ते या खणापर्यंत येऊन पोचलं होतं. बाईंच्या अंगावर काटा आला. गणितात असा काटा त्यांना फार वर्षांपूर्वी यायचा.

दुसऱ्या दिवशी काका त्यांच्या खोलीत आले. बाईंनी दोऱ्या काढल्या, गुंते केले, टोकं चिकटवून दाखवली. काकांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्यांनी दारातच सांगून टाकलं. पण ते बघत राहिले. बाईंनी दोन अगदी वेगळे दिसणारे गुंते घेतले, एक पदर इथून काढला, एक तिथून सारला, आणि दोन्ही एकसारखे होऊन टेबलावर पडले. काका खुर्चीतून अर्धे उठले.

"म्हणजे हे आधीपासूनच एक होते?"

"आधीपासून."

"आणि आपल्याला दिसत नव्हते." काका परत बसले. मग खिशातून कोरं कार्ड काढलं. "सांगा, मी लिहून घेतो. मला भाषण पाठ करावं लागेल. चूक व्हायला नको. आयुष्यात एक चुकीचा अर्थ लिहिलेला नाही बाई मी, या वयात तुमच्यापायी लिहायला लावू नका."

ते हसत म्हणाले. बाईंना हसता आलं नाही. त्यांनी सांगितलं, काकांनी वर 'गाठ' हा शब्द घातला आणि खाली लिहून घेतलं: *कुठलाही गुंता या रीतीने ओळखता येतो.* सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. हा माणूस आता सगळ्यांसमोर उभा राहून हे खोटं वाक्य खरं म्हणून वाचणार होता, आणि ते त्याच्या तोंडी बाईंनी घातलं होतं. स्वतःपुरती गोष्ट होती तोवर दिवस ढकलता येत होते. आता मात्र ते जमेना.

शेवटच्या दिवशी त्या पुन्हा वर गेल्या, सांगायचंच असं ठरवून. तोंड उघडण्याआधी हात सवयीने एका खणाकडे गेला. या खणातल्या कार्डांवर शब्द होते आणि अर्थाच्या जागी नुसती रिकामी ओळ.

"ही राहिलीत का?"

"ही राहणार," काका म्हणाले. त्यांनी एक कार्ड उचललं. "हा बघा. तुमेली. आजीच्या तोंडून दोनदा ऐकलाय. एकदा तिची लेक भेटून परत जात होती तेव्हा, आणि एकदा चहाचा रिकामा कप उचलताना. मी विचारलं, म्हणजे काय? ती हसली. म्हणाली, उद्या सांगते."

"मग?"

"मग काही नाही."

"पण काका, अंदाज तर येतो. लेक जातेय, कप रिकामा आहे. संपल्याची हुरहूर, असं काहीसं. लिहिलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? जी सांगू शकली असती ती तर गेली."

"म्हणून तर लिहिता येत नाही," काका म्हणाले. "ती असती तर चुकलो तरी तिने टोकलं असतं." त्यांनी कार्ड जागच्या जागी ठेवलं आणि खण हळूच ढकलला. "लोक म्हणतात, पंचवीस वर्षांत कोश पुरा झाला नाही. झालाय की. यातल्या रिकाम्या ओळीसुद्धा मीच लिहिल्यात."

बाई सांगायला आल्या होत्या ते न सांगताच जिना उतरल्या.

'परकी खोली'चा दिवस उजाडला. ताई, भाऊजी आणि भाची हट्टाने आली होती आणि पहिल्याच रांगेत बसली होती. बर्फवाल्याने काळजं शिवणाऱ्या बाईवर बोलताना तिचं एक कापडी काळीज तळहातावर धरलं आणि त्याला पुढे बोलवेना, तेव्हा सगळ्यांनी थांबून वाट पाहिली. नर्तकाने बटणांवर भाषण केलं, शेवटी खिशातून सुईदोरा काढला आणि गृहस्थांचं तुटलेलं बटण सर्वांदेखत लावून दिलं. मग गाठीबाईंचं नाव पुकारलं. त्यांच्यामागून लगेच काका बोलणार होते.

बाईंनी पाण्याचा शब्द सांगितला, मागून चालण्याचा सांगितला. माना हलल्या. मग त्या रिकाम्या ओळींपाशी आल्या. आजी, लेक, कप, उद्या सांगते. "या शब्दाचा अर्थ आता जगात कुणाला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "तो म्हणू शकणारा माणूस कालपरवापर्यंत एकच होता. मला काकांनी शिकवलाय. तुम्हीही म्हणा. तुमेली."

आधी बर्फवाला म्हणाला, मग काळीजवाली, मग सगळं सभागृह. नर्तक, बटणांचे इतिहासकार, पहिल्या रांगेतली ताई आणि तिची लेक. अर्थ ठाऊक नसलेला एक शब्द इतकी माणसं इतक्या जपून म्हणत होती, की बाईंचे डोळे भरून आले. काका खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

तिथे भाषण संपायला हवं होतं. बाईंनी कठडा घट्ट धरला.

"नियम मोडतेय, माफ करा. माझ्या कामाबद्दल एक वाक्य बोलते. माझ्या सिद्धतेत भोक आहे. एक पदर सरकतो असं मी धरून चालले, तो सरकत नाही. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी काकांना चुकीचं वाक्य सांगितलं. ते त्यांनी वाचू नये."

संचालकबाईंनी चष्मा काढला. भाऊजींनी ताईकडे पाहिलं, ताईने लेकीचा हात धरला. बाई खाली येऊन बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी छातीभर श्वास घेतला.

आता काकांची पाळी. ते सावकाश वर गेले, खिशातून कार्ड काढलं, चष्मा चढवला.

"माझं भाषण तर या बाईंनी बिघडवून टाकलं," ते म्हणाले. थोडा हशा पिकला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त पाहिलं ते सांगतो. हिच्या हातात दोन परके गुंते होते. ती बोलत बोलत पदर सारत गेली, आणि मला दिसलं की ते परके नव्हतेच. असं मी माझ्या जन्मात पाहिलं नाही." मग त्यांनी पेन काढून कार्डावरचं एक वाक्य खोडलं. अर्थाच्या जागी नवी ओळ आखली आणि कार्ड सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. वर 'गाठ' हा शब्द होता, नव्या ओळीवर काहीच नव्हतं.

"इतकी वर्षं रिकाम्या ओळी एकटाच राखत आलो," ते म्हणाले. "आज त्यांना शेजार मिळाला."

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवाव्यात असं कुणाला सुचलंच नाही.

निघताना संचालकबाई एवढंच म्हणाल्या, "खोलीचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"मला कळतं," बाई म्हणाल्या. घराच्या दाराशी पोचल्यावर ताईने शेजारणीला स्वतःहून थांबवलं आणि सांगितलं, "आमच्या धाकटीची एक गाठ अजून सुटायची आहे."

दुसऱ्या सकाळी बाईंनी पाटी पुसून लिहिलं: *इथे एक भोक आहे. ज्यांना काही सुचत असेल त्यांनी आत यावं.* लिहिलं आणि स्वतःलाच हसू आलं, कारण त्या इमारतीत गाठींचं गणित येणारं दुसरं कुणी नव्हतं.

चहाच्या आधी दार वाजलं. बर्फवाला होता. मागे काळीजवाली हातात सुई घेऊन, तिच्यामागे नर्तक, आणि सगळ्यांत शेवटी, जिना उतरून धापा टाकणारे कोशकाका, बगलेत कोऱ्या कार्डांचा गठ्ठा.

"आम्हाला काहीच सुचत नाही," बर्फवाला म्हणाला. "पण बघायला मिळेल का?"

बाई आणखी खुर्च्या आणायला शेजारच्या खोलीत गेल्या.