सार्जंटच्या पाठीचे अठ्ठावन्न अंश

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत जो अर्धगोल, पारदर्शक गृहस्थ राहतो ना, तो माझा धाकटा भाऊ. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांचे. मी एक जुना पोलादी कोनमापक आहे. मला दोन लांब हात आहेत आणि मधे एक खिळा. एक हात मांडीला लावायचा, दुसरा पायाला, की गुडघा किती वाकतो ते मी अचूक सांगतो. खोटं बोलणं मला जमत नाही. याचा मला फार गर्व होता. आता तो उरलेला नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून नोरीन गॅलब्रेथ या फिजिओथेरपिस्टबाईंनी मला पहिल्या पगारात विकत घेतलं. ओक्लाहोमातल्या एका लष्करी तळावरच्या इस्पितळात त्या कामाला होत्या. त्यांच्या कोटाच्या खिशात राहून मी बावीस वर्षं काढली. किती खांदे, किती घोटे, किती मनगटं! शिकाऊ पोरी म्हणायच्या, "बाईंच्या पोलादी म्हाताऱ्यानं सांगितलं ना, मग विषय संपला." ते ऐकून मी खिशातल्या खिशात फुगायचो.

तिथेच मला बेथनी भेटली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. संधिवात फक्त म्हाताऱ्यांना होतो असं तुम्हाला वाटत असेल. तो तिला चौथ्या वर्षी झाला होता. तिला दर महिन्याला एक महागडं इंजेक्शन लागायचं. बाप फौजेत, म्हणून ते फुकट मिळायचं. त्या इंजेक्शनांवर तिचा गुडघा एकशे तीस अंशांपर्यंत वाकू लागला, ती दोरीवरच्या उड्या मारू लागली. मी आनंदानं आकडा दाखवायचो.

तिचे वडील सार्जंट लायल हॅन्सफोर्ड. नऊ वर्षं नोकरी, दोनदा वाळवंटातल्या लढाईवर जाऊन आलेला गडी, अंगावर ओरखडा नाही. आणि एका सकाळी तळाच्याच आवारात दारूगोळ्याच्या पेट्या चढवताना ट्रकवरून पाठीवर पडला. मित्र त्याची टर उडवायचे, "काय रे सार्जंट, शत्रूनं सोडलं आणि घरच्या अंगणानं धरलं!" तोही हसायचा, एक हात कमरेवर ठेवून.

पाठ बरी होईना. तेव्हा त्याला फौजेत ठेवायचं की घरी पाठवायचं, हे ठरवणाऱ्या मंडळासाठी त्याची पाठ मोजायचं काम आमच्याकडे आलं.

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. फौजेत तपासणी म्हटली की मोडकं ते लपवायचं आणि चकचकीत ते पुढे करायचं, हे त्याच्या अंगात नऊ वर्षं मुरलं होतं. तो केस कापून, बूट लखलखीत करून आला. निघताना दुखणं दाबणाऱ्या दोन गोळ्याही गिळून आला, चारचौघांत शोभा नको म्हणून.

"पुढे वाका, सार्जंट. दुखलं की तिथेच थांबा," नोरीनबाई म्हणाल्या.

"हो, मॅडम."

तो वाकू लागला. वीस, पंचवीस. अठ्ठाविसावर त्याची पाठ थरथरली. माझा हात तिच्यावर टेकलेला होता, मला ती थरथर कळली. पण तो दात-ओठ खाऊन खाली जातच राहिला.

"दुखतंय का? खरं सांगा."

"अजिबात नाही, मॅडम."

"तुमच्या कपाळावर घाम आलाय."

"खोली गरम आहे, मॅडम."

मी अठ्ठावन्न दाखवले. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि अठ्ठावन्न लिहिले. वेदना कुठे सुरू झाली हे रुग्णानं सांगायचं असतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

तिसाच्या आत थांबला असता तर तो चाळीस टक्के अपंग ठरला असता. तीस टक्क्यांपासून पुढे फौज माणसाला निवृत्त करते, पेन्शन देते आणि बायकापोरांचं औषधपाणी चालू ठेवते. माझ्या अठ्ठावन्न अंशांनी त्याला वीस टक्के मिळाले. एकरकमी साठ हजार डॉलर हातावर ठेवून फौजेनं त्याला निरोप दिला. काही महिन्यांत बेथनीचं फुकट इंजेक्शन बंद झालं.

त्याची बायको डीना त्याला घेऊन तरातरा इस्पितळात आली. "अहो बाई, याच्या बुटाच्या नाड्या रोज मी बांधते! आणि तुमच्यासमोर हा अठ्ठावन्न वाकला?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एवढी कसली रे मर्दुमकी?" मला त्या दिवशी गंजून जावंसं वाटलं.

पुढे नोरीनबाई इस्पितळ सोडून गावातल्या दवाखान्यात आल्या, मीही आलो. दोन वर्षांनी लायल तिथे आला तो हातात एक पत्र घेऊन. साठ हजार केव्हाच संपले होते. थोडे छपरात गेले, बाकी सगळे बेथनीच्या इंजेक्शनांत. त्याची आशा आता माजी सैनिकांच्या खात्यावर होती. ते खातं वेगळं, त्याची अपंगत्वाची भरपाईही वेगळी. त्यांनी त्याच पाठीसाठी महिना अडीचशे डॉलर मंजूरही केले होते.

"मग चांगलंच झालं की," बाई म्हणाल्या.

"पुढे वाचा ना."

पुढे लिहिलं होतं, की एकाच दुखण्याचे पैसे दोनदा मिळत नाहीत. फौजेनं दिलेली रक्कम वळती होईपर्यंत हे अडीचशे कापून घेतले जातील. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. लढाईच्या मुलुखात जखम झाली असती तर कापले नसते.

"तिकडेच पडायला हवं होतं मी," लायल म्हणाला.

"पेन्शनवाल्यांचीही एका खात्याची भरपाई दुसऱ्या खात्याच्या पेन्शनमधून कापली जाते बऱ्याचदा," बाई हळूच म्हणाल्या. "पण त्यांच्या मुलांचं औषध तरी थांबत नाही."

"मॅडम, तेवढंच पाहिजे हो मला. तेव्हा मी खोटं बोललो, एवढं लिहून द्याल?"

बाईंनी लिहून दिलं. थरथर लिहिली, घाम लिहिला, स्वतःची चूकही लिहिली. जुन्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे अर्ज गेला. दीड वर्षानं उत्तर आलं, चार ओळींचं. तपासणीच्या वेळी वेदना नसल्याचं सैनिकानं स्वतः सांगितलं होतं, सबब निर्णय कायम. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

त्यानंतर मी बेथनीला एकदाच मोजलं. ती अकरा वर्षांची झाली होती. इंजेक्शन आता तीन महिन्यांतून एकदा, तेही जमलं तर. गुडघा सुजून टम्म झालेला. लायल दाराशी उभा होता.

"वाकव, राणी. दुखलं की थांब," बाई म्हणाल्या.

सत्तरावर गुडघा अडला. मला वाटलं, आता ती ओरडेल. तिनं हळूच वडिलांकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पाय धरला आणि स्वतःच आत ओढला. नव्वद. शंभर. एकशे दहा.

"बघा बाई, छान वाकतोय. या वेळी इंजेक्शन नको मला. खरंच नको, डॅडी."

लायल तिचे हात सोडवायला पुढे आला, पण त्याला खाली वाकता आलं नाही. तो मागे सरून दाराची चौकट धरून लहान मुलासारखा रडू लागला. "अगं, असं नको करूस गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि ती गुडघा धरून बसून राहिली, हसत.

मित्रांनो, मी त्या दिवशी एकशे दहा दाखवले. तेवढंच मला येतं. आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांच्या टेबलाच्या खणात मी गंजत पडलो आहे. दुखलं की सांगत जा, आणि कुणी "नाही दुखत" म्हणालं तर त्याच्या तोंडाकडे नीट बघत जा, एवढी माझी विनवणी आहे. पण खरं सांगू? बेथनीनं सांगितलं असतं तरी तिला औषध कुठून मिळालं असतं, हे मला अजूनही कळलेलं नाही.