सापाला बटणं नसतात

बँकेत कॉम्प्युटर आले आणि श्यामसुंदररावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. यात स्वेच्छा नेमकी कोणाची, हे बँकेने सांगितलं नाही. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये ती कौशल्याबाईंची नक्कीच नव्हती.

कौशल्याबाई हॉलमध्ये मशीन मांडून लहान मुलांसाठी कापडी खेळणी शिवायच्या. खेळता खेळता मुलांनी काही शिकावं, अशी. बटणं लावायला शिकवणारा साप, नाडी ओवायचं कासव, चेन उघडली की आतून मोजायला गरे निघणारा फणस. शेजारच्या इमारतीतली मेहरुन कापड बेतून द्यायची. आयटीतल्या आईबापांना मूल चालायला लागलं की लगेच ते मागे पडल्याची काळजी लागते, त्यामुळे दोघींना मान वर करायला फुरसत नसे.

श्यामसुंदररावांनी काही दिवस पेपर वाचला. मग त्यांचं लक्ष सापाकडे गेलं.

"सापाला बटणं नसतात," ते म्हणाले.

"मुलांच्या शर्टाला असतात," कौशल्याबाई मशीन न थांबवता म्हणाल्या. "मोठेपणी त्यांनी बायकोला हाका मारू नयेत म्हणून शिवतेय."

दुसऱ्या दिवसापासून ते फूटपट्टी घेऊन बसू लागले. उंदीर हत्तीच्या गुडघ्याला लागतो, मुलांच्या मनावर चुकीचं प्रमाण ठसेल, असा त्यांनी शेरा दिला.

"साहेब, बरोबर प्रमाणात केला तर हत्ती जिन्यातून उतरणार नाही," मेहरुन म्हणाली.

"मग उंदीर लहान करा."

"म्हणजे पोरं गिळतील."

जांभळं कासव त्यांनी नामंजूर केलं. फणसाला काटे कमी निघाले. मेहरुनने हळूच विचारलं, "वहिनी, साहेबांना बँकेत परत नाही का घेत?"

मग त्यांनी कार्डं छापून आणली. 'श्यामसुंदर, व्यवस्थापकीय संचालक.' खाली बारीक अक्षरात 'सौ. कौशल्या, शिवण विभाग.' कौशल्याबाईंनी ते कार्ड बराच वेळ हातात धरलं. हा उद्योग त्यांनी एकटीने उभा केला होता. आपल्याच हॉलमध्ये आपली बदली झाल्याचं त्यांना आत्ता कळत होतं. त्या दिवशी संचालकांना आमटीत मीठ मिळालं नाही.

जवळच्याच एका नर्सरीची ऑर्डर पोचवायची होती. "मी स्वतः जातो," श्यामसुंदरराव म्हणाले. "यामागची शास्त्रीय भूमिका समजावून सांगायला हवी."

सकाळभर हॉल मोकळा मिळणार, हे लक्षात येताच कौशल्याबाईंनी पिशव्या स्वतः खाली रिक्षात नेऊन ठेवल्या.

जेवणाची वेळ टळली तरी संचालक परतले नाहीत. शेवटी त्या बघायला गेल्या. नर्सरीच्या खिडकीतून त्यांना नवरा दिसला. सतरंजीवर मांडी घातलेली, गळ्यात साप, सगळी बटणं लावलेली. शास्त्रीय भूमिका प्रास्ताविकातच संपली असावी.

"साप म्हणाला, माझं पासबुक भरून द्या," ते सांगत होते. "कासव म्हणालं, जेवणाची सुट्टी झाली, नंतर या!"

मुलं खिदळली. रडून रडून नाक लाल झालेली एक मुलगी त्यांच्या मांडीवर येऊन बसली होती. "मग साप काय म्हणाला?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? रांगेतच वेटोळं घालून झोपला."

ते स्वतःच मोठ्याने हसले. बँक सुटल्यापासून घरात हा आवाज ऐकू आला नव्हता, आणि आपण तो इतके दिवस विसरून गेलो होतो, याचं कौशल्याबाईंना वाईट वाटलं. थोडंसंच.

नर्सरी चालवणारी अपेक्षा बाहेर आली. "काकू, खेळणी सुंदर झालीत. पण काकांना रोज सकाळी पाठवाल का? ती मुलगी आज पहिल्यांदा रडायची थांबली."

"सकाळी?" कौशल्याबाई म्हणाल्या. "दुपारचीही बॅच नसते का हो तुमच्याकडे?"

होती. आता श्यामसुंदरराव रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघतात, संध्याकाळी घसा बसवून परततात आणि जेवून झोपतात. त्यांच्या गोष्टी ऐकून प्रत्येक मुलाला घरी साप हवा असतो, त्यामुळे शिवण विभागाचं काम मात्र दुप्पट झालं आहे.