निळा दोरा, पिवळा दोरा

संशोधकबुवांचा गव्हाच्या एका जनुकावर भारी जीव. ते जनुक असलं की मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खोल जातात, हे ते वर्षानुवर्षं येईल-जाईल त्याला ऐकवत आले होते. पाठीमागे लोक त्यांना मूळव्याध म्हणत. आता मात्र संचालकांनी निक्षून सांगितलं होतं, या खेपेला फरक दिसला नाही तर पुढच्या हंगामात जमीन मिळणार नाही.

उपटलेली रोपं धुऊन मुळांचा कोन बुवांनीच मोजायचा होता. मुळं काही पट्टीसारखी सरळ नसतात, त्यामुळे मोजणं थोडं नजरेवर असतं, आणि नजरेचं म्हणाल तर आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणून मोजणाऱ्याला कुठलं रोप कुठलं ते कळू द्यायचं नाही, असा नियम. निम्म्या रोपांना निळा दोरा, निम्म्यांना पिवळा. जनुकवाली कुठली, ते फक्त आकडेमोड करणाऱ्या बाईंना ठाऊक. आणि त्या बाई म्हणजे बुवांची बायको.

त्या संध्याकाळी बुवांनी लग्नानंतर पहिल्यांदाच भांडी घासली. बाईंनी कावा ओळखला, पण घासू दिली.

"निळा रंग कसा शांत वाटतो, नाही?" बुवा म्हणाले.

"हं," उशांचे अभ्रे बदलता बदलता बाई म्हणाल्या.

बुवांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी निळ्या दोऱ्याचं एखादं मूळ आडवं दिसलं, की 'धुताना वाकलं असेल' म्हणून त्यांनी सोडून दिलं. पिवळ्यांची आडवी मुळं मात्र हुडकून हुडकून मोजली. ही लबाडी आहे असं त्यांना वाटलंच नाही. सत्याला थोडा हातभार लावतोय, इतकंच.

संध्याकाळी बाईंनी हिशेब मांडला. "निळी खोल गेलीत. चांगलीच."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," बुवा फुलून म्हणाले.

"निळा साधा गहू आहे. तुमचा पिवळा."

बुवांनी हिशेबाचा कागद ओढून घेतला. "शक्य नाही. पिवळी चांगली खोल होती गं, मीच ती..."

"मीच काय?"

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब मारायची तरी कुणाच्या नावानं?

"मीच ती आडवी पाडली," ते म्हणाले.

बाई कात्री घेऊन उठल्या. "रोपं अजून पाण्यात आहेत. नवे दोरे बांधते. उद्या दुसरं कुणीतरी मोजेल. तुमचा गहू ज्याला डोळ्यांसमोर नको, असा माणूस शोधा."

अशी माणसं संस्थेत पैशाला पासरी होती, आणि पहिल्यांदाच बुवांना त्यांचा आधार वाटला.