गाळलेली पानं

सासऱ्यांना गल्लीत सगळे कप्तान म्हणायचे. खरं तर त्यांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. पण सुट्टी लागली की त्यांचा मुक्काम शिडाच्या छोट्या होडीत. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि होडी सुटली. मग ते पुस्तकांवर तहान भागवू लागले. एकट्यानं समुद्र पार करणाऱ्यांची प्रवासवर्णनं तेवढी त्यांना चालायची. वाचून दाखवायचं काम सुनेकडे आलं. ती औषधांच्या दुकानात नोकरीला. सहाला घरी यायची आणि चहा झाला की तासभर वाचायची.

कप्तान नुसते ऐकत नसत. त्यांनी सुताराकडून एक फळी करून घेतली होती, किनारे आणि बेटं बोटांना लागतील अशी कोरलेली. वारा कुठून, होडीचा वेग किती, तास किती झाले, हे सगळं ऐकता ऐकता मनात मांडायचं आणि फळीवर टाचणी टोचायची. पुस्तकातली होडी आणि फळीवरची टाचणी एकाच बेटाला लागली की स्वारी खूश. त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

सून मात्र दिवसभर काउंटरमागे उभी राहून आंबून गेलेली असायची. त्यातून हे नवं पुस्तक चारशे पानांचं, आणि अर्धं नुसतं वाऱ्याच्या नोंदींनी भरलेलं. एका संध्याकाळी चुकून दोन पानं एकदम उलटली गेली. कप्तानांच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी चुकून नव्हतं. कधी चार पानं, कधी सहा, आवाजात जराही फरक न पडू देता. गोष्टीला काही धक्का लागत नाही ना, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

पुस्तकातली होडी पहिल्या बेटाला लागली तेव्हा कप्तानांची टाचणी भर समुद्रात होती. ते हसले. दुसऱ्या बंदराच्या वेळी अंतर आणखी वाढलं. या वेळी ते हसले नाहीत. बराच वेळ फळीवरून बोटं फिरवत राहिले आणि म्हणाले, "माझंच डोकं चालेनासं झालंय."

खरं कारण तिला ठाऊक होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वयानं होतं असं, बाबा."

त्या दिवसापासून कप्तान खचले. काठी टेकत एकटे न्हाव्याकडे जायचे, ते बंद झालं. स्वतःचा चहा स्वतः करायचे, पण गॅस चालू राहील या धास्तीनं लायटर लपवून ठेवायला त्यांनीच मुलाला सांगितलं. ती रोज ठरवायची, आज सांगून टाकू. आणि रोज जीभ रेटायची नाही. नवव्या दिवशी मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. भूमितीचा मास्तर, पण भीतीनं इतका गोठलेला की शहाऐंशीच्या पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चिठ्ठी तिच्याच दुकानात पाठवली. स्मरणशक्तीच्या गोळ्या, महिनाभराच्या. तिनं खण उघडला, पाकीट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. मग पाकीट जागेवर ठेवून, मालकाला सांगून ती घरी निघाली.

कप्तान खिडकीशी बसले होते. ती समोर बसली.

"बाबा, तुमचा हिशोब बरोबर होता. मी पानं गाळत होते."

त्यांनी विचारलं, "कुठली?"

"वाऱ्याची."

"डॉक्टरकडे गेलो तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

त्यांनी मान वळवली. "पानांचं काही नाही गं. मी तिथं सात वजा करत बसलो होतो, आणि तू गप्प होतीस."

नवऱ्यालाही तिनं सगळं सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं लायटर काढून ओट्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेला.

दोन दिवस कप्तानांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाच. पहिल्यापासून." तिनं वाचलं. कंटाळवाणा एकूण एक वारा वाचला. पंधरा दिवसांनी टाचणी बेटाला नेमकी लागली. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढे वाचायला सांगितलं.

आता ते न्हाव्याकडे जातात, चहाही करतात. पण चहा झाल्यावर गॅसचं बटण दोनदा चाचपतात, आणि कधीकधी तिला हाक मारून विचारतात, नीट बंद झालाय ना. पूर्वी असं नव्हतं. "बंद आहे, बाबा," ती सांगते, आणि सांगताना प्रत्येक वेळी तिला चोरट्यासारखं होतं.

वाचताना ती हल्ली प्रत्येक पानाचा आकडा मोठ्यानं सांगते. एकदा ते म्हणाले, "आकडे कशाला? मी काही मोजत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं. "दोनशे अकरा."