बिनरंगाचा कठडा

कठडा कोणी निवडायचा? त्यावर रेलून पान खाणाऱ्याने, की दरवर्षी तो खरवडून रंगवणारीने? माझं उत्तर तयार होतं. घरात मला कोणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या लाखनीकडच्या गावांत दिवाळी झाली की मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे, दुकानं, पाळणे आणि चौकात दंडार, म्हणजे गावच्याच पोरांचा नाच आणि सोंगं. त्याआधी आमच्या छपरीचा, म्हणजे पुढच्या पडवीचा, लाकडी कठडा हिरवागार झालाच पाहिजे, असा घरचा कायदा. घासायचा, वाळवीची भोकं बुजवायची, ऑइलपेंट मारायचा. काम सुनेचं. आणि माझ्या माहेरची मंडई नेमकी आमच्या मंडईच्या आदल्या दिवशी. माझा भाऊ कुंदन तिथल्या दंडारीत नाचतो. फार छान नाचतो म्हणे. म्हणे, कारण लग्नानंतर मी त्याला एकदाही नाचताना पाहिलेलं नाही. त्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत हिरवे असतात.

यंदा पावसाळ्यात सासरे कठड्याला टेकले आणि कठड्यासकट अंगणात गेले. वाळवीने तो आतून पोकळ केला होता. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, म्हणून सांगते, मला मनातून आनंद झाला.

सासरे टेकचंद आणि माझा नवरा कैलाश नवा कठडा पाहायला साकोलीला निघाले, तेव्हा मी न बोलावता गाडीत जाऊन बसले. दुकानदाराने सागवानी दाखवला, लोखंडी दाखवला आणि शेवटी कोपऱ्यातला कंपोझिटचा. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेला. वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही. ओलं फडकं फिरवलं की झालं.

"मामाजी, हाच घ्या," मी म्हणाले.

"पलास्टिकचा? मंडईले पाहुणे येतीन, काय म्हनतीन?"

"मंग सागवानी घ्या. पन ब्रश मी नाई धरत. ज्याले लाकूड पायजे, त्यानं रंगवावं."

कैलाश दुकानाचं छत पाहू लागला. अडचणीच्या वेळी तो नेहमीच छत पाहतो.

"सून असून असं बोलून राहिली?"

"सून आहो म्हनूनच बोलून राहिली."

दुकानदारासमोर तमाशा नको म्हणून असेल, किंवा ब्रश धरायच्या भीतीने असेल, सासऱ्यांनी सागवानाचा हट्ट सोडला. कॉफीच्या रंगाचा कठडा छपरीला बसला. मी त्यावर कोपर टेकवून सगळ्यांदेखत चहा प्याले.

माहेरच्या मंडईच्या सकाळी मी पिशवी भरली. आमच्या पाहुण्यांसाठी फराळाचे डबे भरून ठेवले होते, कठडा पुसला होता. चप्पल घालते तोच सासरे आले.

"कोरा दिसून राहिला कठडा. मंडई आहे. एक हात मार अन् मंग जा."

माझं डोकंच फिरलं. "त्याले रंग लागत नाई, मामाजी. अन् लागत असता तरी मी लावला नसता. रंगाचा डबा कोठ्यात आहे. ब्रशही तेथंच आहे."

"म्हंजे मी लावू?"

"लावा ना."

मी अंगण ओलांडलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "थांब वो हर्षा!" आता या माउली मला ओढत परत नेणार, अशा तयारीने मी वळले. सत्यभामाबाई नव्या लुगड्यात, हातात पिशवी.

"मी पन येतो. माह्या माहेरची मंडई त या हिरव्या रंगातच गेली. तुह्या गावची तरी पाहू दे."

एसटीने आम्ही दोघी माहेरी पोचलो. कुंदन घुंगरू बांधून चौकात उतरला, तेव्हा मी इतकी ओरडले की घसा बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही. सासूबाई खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या सकाळी परतलो तर कठडा हिरवा! सासऱ्यांनी रंग मारलाच होता. तो धड वाळला नव्हता आणि वाळला तिथे पापुद्रे सुटत होते. बापलेक पत्र्याच्या तुकड्यांनी तो खरवडत बसले होते. मंडईसाठी रात्रीच आलेले घरचे जावई त्याला टेकलेले असणार, कारण त्यांच्या पांढऱ्या पँटवर हिरवे पट्टे होते.

"हर्षा, जरा हात लाव वो," सासरे म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "तिले कायले सांगता? रंग तुमाले पायजे होता ना? खरवडा."

मग त्या पायरीवर बसल्या, चपला काढल्या आणि मला म्हणाल्या, "हर्षा, माह्या भावाले फोन लाव त. पुढच्या साली माह्या माहेरची मंडई कोन्या दिवशी आहे, विचारून ठेवतो."