धुऱ्याला काडी लावू नका

मित्रांनो, मी एक जुना धुरा आहे. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. पेडगावच्या शिवारात रायभान आणि दत्तराव या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध मी आडवा पडलो आहे. पडलोय म्हणून मेलोय असं मात्र समजू नका!

त्यांच्या आजोबांनी टोपल्या-टोपल्यांनी माती टाकून मला रचलं. तेव्हा माझ्यावरून बैलगाडी जायची. बायका गवत कापून शेळ्यांना न्यायच्या. "ह्या धुऱ्यानं माती धरून ठेवली," असं माणसं कौतुकानं म्हणायची. मग ट्रॅक्टर आले. दरसाल नांगराचं एक तास अलीकडून, एक तास पलीकडून, असा मी कोरला गेलो. वर तणनाशक. आणि पेरणीआधी साफसफाई म्हणून मला पेटवून द्यायची चाल पडली. सरडे, नाकतोडे, पाखरांची घरटी, सगळं जळायचं. मी दरवर्षी काळा झालो आणि दरवर्षी पुन्हा हिरवा झालो. देवानं मला पाय दिले नाहीत, तेव्हा मागं हटणं मला येतच नाही.

यंदा उन्हाळ्यात एका तित्तरीनं माझ्या गवतात सात अंडी घातली. गावात हरिनाम सप्ताह चालू होता. मृदंगाचा आवाज आला की तीही मान तिरपी करून ऐकायची.

सप्ताह संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तरावानं माझ्या टोकाला काडी लावली. रायभान शेजारीच उभा होता. इकडं त्याची बायको कासाबाई विळा घेऊन गवताला आली होती. तिच्या पायाशी भुर्रकन तित्तर उडालं. तिनं गवत बाजूला सारलं, अंडी पाहिली, पलीकडचा धूर पाहिला आणि तिथंच फतकल मारून बसली.

"अगं ऊठ, जाळ यायलाय!" रायभान ओरडला.

"येऊ द्या. मला बी जाळा. आवो, सात दिवस टाळ कुटला, भूतदयेवर माना डोलावल्या. काल्याची लाही अजून दातात हाय, अन् हातात काडीपेटी?"

दत्तराव हसला. "वहिनी, एका पाखरासाठी एवढं?"

"भाऊजी, तुमच्या कापसाच्या पऱ्हाटीतली वाळवी कोण खातंय? तुमी?"

जाळ सरकत होता. कासाबाई हलली नाही. मीही हललो नाही. शेवटी दत्तरावानंच लिंबाचा डहाळा मोडला आणि जाळ झोडपायला लागला. रायभाननं पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतला. दोघांची तोंडं काळी झाली. "आता कसे बुक्का लावून कीर्तनाला गेल्यासारखे दिसायलात!" कासाबाई म्हणाली.

बाराव्या दिवशी सातही पिल्लं आईमागं रांगेनं चालत गेली. दत्तराव आता कुरकुरत का होईना, विळ्यानं गवत कापतो आणि म्हशीला घालतो. उरलेला पालापाचोळा माझ्या अंगावरच कुजू देतो.

मित्रांनो, कोणी काडी घेऊन आलं तर तुम्हीही वाटेत बसा. त्याला म्हणावं, आधी गवत बाजूला सारून बघ. आत कोणी दिसलं तर काडी टाकून विळा घे. आणि कोणी दिसलं नाही, तरी विळाच घे. लपणाऱ्याला लपता यावं, म्हणूनच तर मी इथं आहे!